एजंट नक्की कोणाचा? घरखरेदीतल्या मध्यस्थीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली सगळी पत्रे एकाच माणसाभोवती फिरतात. कोणी त्याला एजंट म्हणतो, कोणी ब्रोकर, गावाकडे अजून दलाल. नाव काहीही असले तरी पत्र लिहिणाऱ्यांची अडचण बहुतेक सारखीच आहे: हा माणूस आपला की समोरच्याचा, हे पैसे देण्याची वेळ येईपर्यंत कोणी विचारलेलेच नसते.

प्रश्न: डोंबिवली पूर्वेला २२ वर्षे जुन्या इमारतीतला टू बीएचके ७८ लाखांना ठरतो आहे. एजंट एकच. विकणाऱ्याकडून १ टक्का आणि माझ्याकडून १ टक्का घेणार. ‘मी दोघांचाही माणूस,’ असे म्हणतो. हे कायद्यात बसते का? आणि तो माझ्या बाजूने बोलेल का?

उत्तर: बसते. बोलेल का, याचे उत्तर मात्र बहुधा नाही.

दोन्हीकडून दलाली घेण्यावर आपल्याकडे बंदी नाही. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याने एजंटची जी व्याख्या केली आहे, तिच्यात घेणारा आणि विकणारा यांची एकमेकांशी गाठ घालून देणारा माणूसही धरलेला आहे. दरही कायद्याने ठरवलेला नाही. जुन्या घरांच्या व्यवहारात प्रत्येक बाजूने १ टक्का ही मुंबई-ठाणे-पुण्याकडची रीत आहे, आणि रीत घासाघीस करून बदलता येते. तुमच्या व्यवहारात १ टक्का म्हणजे ७८,००० रुपये. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे १४,०४० रुपये आणखी. बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक नसेल तर हे वरचे पैसे देऊ नका. सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारता येत नाही.

आता तो कोणाच्या बाजूने, ते आकड्यांतच पाहा. तुम्ही भाव ७८ वरून ७६ लाखांवर आणलात, तर दोन्ही बाजूंची मिळून त्याची दलाली कमी होते फक्त ४,००० रुपयांनी. सौदा फिसकटला तर जातात १ लाख ५६ हजार. त्याला रस आहे तो सौदा होण्यात. तुमचे दोन लाख वाचण्यात नाही. म्हणून अशा एजंटला चार गोष्टी सांगू नयेत: तुम्ही जास्तीत जास्त किती देऊ शकता, बँकेने किती कर्ज मंजूर केले, सध्याचे भाड्याचे घर कोणत्या तारखेला सोडायचे आहे, आणि घरच्यांना हाच फ्लॅट किती आवडला आहे. यातली एक जरी बाहेर पडली तरी ‘बैठकी’त समोरचा भाव सोडत नाही. बोली लावायची ती व्हॉट्सअ‍ॅपवर, अटींसह लावा: रक्कम, टोकन किती, साठेखत (खरेदीखताआधीचा करार) कधी, ताबा कधी, कर्ज नाकारले गेले तर टोकन परत.

दुसरा मार्ग बाजारात ‘साइड बाय साइड’ म्हणून ओळखला जातो. तुमचा एजंट वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा, आणि ज्याने त्याने आपापल्या माणसाला पैसे द्यायचे. तुमचा खर्च तेवढाच राहतो आणि निदान एक माणूस तुमचा असतो. पण ही सोय घर पाहायला जाण्याआधीच करावी लागते. एकाने घर दाखवल्यावर दुसऱ्याला मध्ये आणले की दोघेही भांडतात.

कोणताही मार्ग घ्या, एका पानाचे पत्र करून दोघांनी सही करा. मजकूर साधारण असा: ‘सदनिका क्र. अमुक, इमारत अमुक, हिच्या खरेदीसाठी श्री. अमुक यांना माझ्या बाजूने मध्यस्थ नेमत आहे. मोबदला करारमूल्याच्या १ टक्का, लागू असल्यास जीएसटी वेगळा. निम्मी रक्कम साठेखत नोंदवल्यावर, निम्मी ताबा मिळाल्यावर. मालकी हक्कातील दोष, सोसायटीची हरकत किंवा बँकेने कर्ज नाकारणे यामुळे व्यवहार मोडल्यास मोबदला देय नाही. मध्यस्थ समोरच्या पक्षाकडून काही रक्कम घेणार असल्यास ती आधी लेखी कळवील. मुदत ९० दिवस.’ सहीला नकार देणारे एजंट भेटतात. त्यांना तसे का वाटते, याचा अंदाज तुम्हीच करा.

या पत्राला आधार आहे तो १८७२ च्या भारतीय करार कायद्याचा. एजंटने नेमणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे वागावे, हिशेब द्यावा, न सांगता स्वतःचा लाभ करून घेऊ नये, ही कलमे त्यात दीडशे वर्षांपासून आहेत. पण ती लागू पडायला तुम्ही त्याला नेमले, हे आधी दिसले पाहिजे.

दलालीच्या बदल्यात त्याच्याकडून काम काय घ्यायचे? कागद गोळा करून घ्या. सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, पहिल्या खरेदीपासूनची करारांची पूर्ण साखळी, प्रत्येक कराराची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचे ताजे बिल, आणि विकणाऱ्यावर कर्ज असेल तर बँकेचे थकबाकीपत्र. २२ वर्षांच्या इमारतीत हमखास अडते ती साखळी. मधला एखादा जुना करार गहाळ असतो किंवा त्यावर मुद्रांक कमी भरलेला असतो, आणि हे कळते तुमच्या बँकेच्या वकिलाकडून, टोकन देऊन झाल्यावर. करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल, एवढे करावे लागते. हा खर्च आणि वेळ विकणाऱ्याचा, असे बोलीतच लिहा. आणखी एक: सोसायटीचे हस्तांतरण शुल्क महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे. ‘कमिटीला दीड लाख द्यावे लागतात’ असे कोणी सांगितले तर सोसायटीची पावती मिळणार का, एवढेच विचारा.

प्रश्न: टोकन म्हणून २ लाख रुपये एजंटच्याच खात्यात भरले. इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही म्हणून बँकेने कर्ज नाकारले. मालक म्हणतो, मला पैसे मिळालेच नाहीत. एजंट म्हणतो, माझे काम झाले, दलाली कापून उरलेले देतो. (ठाणे)

उत्तर: टोकन द्यायचे ते विकणाऱ्याच्या नावाने, त्याच्या खात्यात, चेकने किंवा ऑनलाइन. फ्लॅट दोघांच्या नावे असेल तर दोघांच्या सहीची पावती. एजंटच्या खात्यात पैसे गेले की प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. तुमचे नेमके तेच झाले आहे.

एजंटचा दावा तपासू. करार कायद्याच्या कलम २१९ नुसार, वेगळे काही ठरले नसेल तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. जो मोबदला अजून देय झालाच नाही, त्यापोटी हातातले पैसे अडवता येत नाहीत. ‘काम पूर्ण’ म्हणजे काय, यावर तो वाद घालणार: पार्टी समोरासमोर बसवली, भाव ठरला, संपले माझे काम. तसे लिहून दिलेले असेल तर त्याच्या म्हणण्याला वजन आहे. तुमच्या पत्रात अशा कुठल्या कागदाचा उल्लेख नाही, आणि साठेखतही झालेले नाही. तेव्हा तुमची बाजू वरचढ आहे.

आधी एजंट आणि मालक दोघांनाही एकाच ईमेलमध्ये लिहा: तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक, बँकेच्या नकारपत्राची प्रत आणि १५ दिवसांची मुदत. दोघांना एकाच ईमेलवर घ्या, म्हणजे ‘मला माहीतच नव्हते’ म्हणता येणार नाही. एजंटने टोकन मालकाच्या सांगण्यावरून घेतले, असे दाखवणारा एखादा संदेश शोधून ठेवा. तो सापडला तर मालकालाही हात झटकता येणार नाहीत. मुदत संपल्यावर वकिलाची नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करावी लागते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावून पाहायला हरकत नाही. कधीकधी तेवढ्यावरही पैसे परत येतात.

पैसे रोखीत दिले नाहीत हे चांगले केलेत. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. रोख टोकन मागणाऱ्या मालकाला हे एकदा सांगावे, बहुतेक जण चेकवर येतात.

प्रश्न: साताऱ्याजवळचा एनए (बिगरशेती) प्लॉट विकायला काढला. एजंटला म्हणालो, मला नेट ४५ लाख हवेत. खरेदीखतावर आकडा आला ४८ लाख ५० हजार. पैसे सगळे माझ्या खात्यात जमा झाले. आता एजंट वरचे साडेतीन लाख रोख मागतो. द्यायचे का?

उत्तर: तुम्ही त्याला नेमके काय म्हणालात, यावर सगळे ठरते. ‘मला ४५ हवेत’ आणि ‘४५ च्या वरचे तुझे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात तुम्ही तुमची किंमत सांगितलीत. दुसऱ्यात त्याचा मोबदला ठरवलात, मग तो कितीही डोळ्यांत भरो. ‘नेट’ हा शब्द गावोगाव दोन्ही अर्थांनी वापरला जातो आणि भांडण तिथूनच सुरू होते. मेसेज, कॉल रेकॉर्ड, बरोबर असलेला माणूस, जे असेल ते पाहा.

फक्त किंमत सांगितली असेल, तर खरा भाव ४८.५ आला आहे हे तुम्हाला कळवणे त्याचे कर्तव्य होते. न कळवता एजन्सीच्या कामातून स्वतःचा लाभ करून घेणाऱ्या एजंटकडून तो लाभ मागण्याचा हक्क नेमणाऱ्याला आहे. इथे तर पैसे तुमच्याच खात्यात आहेत. त्या भागातली रीत आणि त्याचे काम पाहून वाजवी दलाली द्या. २ टक्के धरले तरी ९७,००० रुपये होतात. साडेतीन लाख म्हणजे विक्री किमतीच्या सात टक्क्यांहून जास्त. खरेदीदाराकडूनही त्याने काही घेतले का, तेही विचारा.

‘वरचे तुझे’ असे म्हणाला असाल तर शब्द पाळा, पण रोखीत नाही. खरेदीखतावर ४८.५ लाख आहेत, म्हणजे भांडवली नफा तुमच्या नावावर त्याच आकड्याने मोजला जाणार. दोन वर्षांहून जास्त काळ धरलेल्या जमिनीवर हा कर १२.५ टक्के आहे. साडेतीन लाखांवर ४३,७५० रुपये आणि वर उपकर. एजंटने बिल दिले आणि तुम्ही चेकने पैसे दिलेत, तर ती रक्कम विक्रीचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होते. रोख दिलेत तर पैसे गेले आणि त्यावरचा करही तुमच्याच माथी.

याच प्रकाराचा एक थोरला भाऊ आहे, तो जमीन विकणाऱ्या सगळ्यांनीच ओळखून ठेवावा. एजंट १ लाख रुपये देऊन तीन किंवा सहा महिन्यांची विसारपावती स्वतःच्या नावे करून घेतो. तिच्यात एक ओळ असते: खरेदीखत ‘लिहून घेणार यांचे किंवा ते सांगतील त्यांचे नावे’ करून देण्यात येईल. ही ओळ आली की तो तुमचा एजंट राहिला नाही, तो खरेदीदार झाला. मग तो पुढे कितीला फिरवतो हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही, आणि गिऱ्हाईक मिळाले नाही तर मुदत संपेपर्यंत तुमची जमीन अडकून पडते. एजंट म्हणून नेमायचे असेल तर ती ओळ खोडा आणि विसार घेऊ नका.

प्रश्न: हिंजवडीला नवीन प्रकल्पात फ्लॅट घेतोय. एजंट म्हणतो, तुमच्याकडून एक पैसा नाही, बिल्डर देतो. मग तो आमच्या कामाचा का नाही समजायचा?

उत्तर: कारण पैसे बिल्डर देतो. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांत या एजंटला चॅनल पार्टनर किंवा नुसते ‘सीपी’ म्हणतात. त्याचे टक्के प्रकल्पागणिक बदलतात आणि न खपणाऱ्या इमारतीवर ते जास्त असतात. ‘साहेब, हाच घ्या’ असा आग्रह कोणत्या प्रकल्पासाठी होतो, ते यावरून समजावे. तोच जर गृहकर्जही करून देत असेल तर बँकेकडूनही त्याला मिळते. यात बेकायदा काही नाही, फक्त त्याच्या सल्ल्याला तेवढेच वजन द्या.

पहिल्या भेटीत सावध राहा. विक्री कार्यालयात शिरताच जो फॉर्म भरून घेतात त्यात तुमचा मोबाइल क्रमांक एका सीपीच्या नावावर ‘टॅग’ होतो. नंतर तुम्ही थेट गेलात तरी ठरावीक दिवस तुम्ही त्याचेच गिऱ्हाईक. थेट जाऊन भाव कमी करून घ्यायचा विचार असेल तर आधी कोणा एजंटबरोबर जाऊ नका. आणि वेबसाइटवर ‘किंमत पाहा’ म्हणून क्रमांक टाकलात तरीही टॅग पडतो, हे बऱ्याच जणांना उशिरा कळते. काही सीपी आपल्या कमिशनमधला वाटा खरेदीदाराला परत देतात. तसे ठरले तर किती आणि कधी, हे बुकिंगआधी लेखी घ्या. बुकिंगनंतर तो फोन उचलेलच असे नाही.

तपासायचे काय, तर एजंटचा महारेरा (रेराचे महाराष्ट्रातले प्राधिकरण) क्रमांक. तो ए अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा पी ने. नोंदणी पाच वर्षांची असते, म्हणून महारेराच्या संकेतस्थळावर मुदतीची तारीख बघा. एजंटला आता प्रशिक्षण आणि परीक्षेचे प्रमाणपत्रही लागते. नोंदणीशिवाय असे काम करणाऱ्याला दिवसाला १०,००० रुपये दंड आहे, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. जाहिरातीवर क्यूआर कोड असला पाहिजे. तो स्कॅन केला की मंजूर नकाशे, ताब्याची जाहीर तारीख आणि प्रकल्पावरचे कर्ज दिसते.

एजंट तोंडी जे सांगतो, म्हणजे कव्हर्ड पार्किंग, समोर बाग, अमुक महिन्यात ताबा, ते त्याच्याकडून नव्हे, बिल्डरच्या ईमेलवरून लिहून घ्या आणि विक्री करारात आहे का पाहा. नोंदणीकृत विक्री करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. बुकिंगच्या वेळी प्रकल्पाची सर्व माहिती आणि कागद देणे हे एजंटचेही कायदेशीर काम आहे. खोटे सांगून फसवले असेल तर महारेराकडे एजंटविरुद्धही तक्रार करता येते. शुल्क ५,००० रुपये. डोंबिवलीच्या वाचकांना मात्र ही वाट नाही. नोंदणीकृत प्रकल्पाबाहेरची जुनी घरे आणि भाड्याचे व्यवहार साधारणपणे रेराच्या कक्षेत येत नाहीत.

प्रश्न: कोथरूडचा एक फ्लॅट दोन एजंटांनी दाखवला. सौदा दुसऱ्याने जमवला. पहिला म्हणतो, घर मी आधी दाखवले, दलाली माझी. दोघांना द्यायची का?

उत्तर: नाही, एकालाच. नुसते दार उघडून दाखवले म्हणून दलाली देय होत नाही. सौदा कोणाच्या खटपटीने झाला ते बघायचे: भाव कोणी जुळवला, कागद कोणी आणले, बैठक कोणी लावली. पण पहिल्या भेटीत ‘साइट व्हिजिट फॉर्म’ म्हणून काही सही केले होते का? त्यात खाली बारीक अक्षरांत ‘या मालमत्तेचा व्यवहार अमुक महिन्यांत कोणामार्फतही झाल्यास दलाली देय’ अशी ओळ असू शकते. ती असेल तर पहिल्याचा दावा अगदीच पोकळ नाही. मग दोघा एजंटांना एकत्र बसवा आणि एकाच रकमेत वाटणी करायला सांगा. धंद्यात हे रोज चालते, ते सहसा मान्य करतात. पुढच्या वेळी दुसरा एजंट तोच फ्लॅट दाखवायला निघाला की ‘हा पाहिलाय’ असे जिन्यातच सांगून टाका. संकोचापोटी दुसऱ्यांदा पाहिलेले घर असेच महागात पडते.

उलट बाजूही सांगायला हवी. एजंटने सगळे जमवून आणल्यावर मालकाशी गुपचूप ‘डायरेक्ट’ झालात, तर त्याला दलाली मागण्याचा पुरता हक्क आहे.

प्रश्न: मी दुबईत असतो. नाशिकचा फ्लॅट विकायचा आहे. एजंट म्हणतो, सहा महिने फक्त मलाच द्या आणि माझ्या नावे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करा, म्हणजे तुम्हाला यावे लागणार नाही.

उत्तर: पहिली मागणी वाजवी आहे, दुसरी नाही.

एकाच एजंटला ठरावीक मुदतीसाठी काम देणे परदेशातल्या मालकाला सोयीचेच पडते. पाच जणांनी पाच भाव लावले की फ्लॅट ‘शिळा’ होतो आणि गिऱ्हाईक पाडून मागते. मात्र सहाऐवजी तीन महिने द्या. दर पंधरा दिवसांनी किती जणांनी पाहिले आणि कोणी काय बोली दिली, हे लेखी कळवण्याची अट घाला. नात्यातल्या किंवा ओळखीच्या खरेदीदारांची नावे आधीच वगळून ठेवा. ठरलेल्या मुदतीआधी पुरेशा कारणाशिवाय काम काढून घेतलेत तर नुकसानभरपाईचा प्रश्न येतो, म्हणून कोणत्या कारणांसाठी आधी थांबवता येईल तेही लिहा.

कुलमुखत्यारपत्र एजंटला देऊ नका. ज्याची कमाई विक्री होण्यावर आहे, त्याच्याच हाती विकण्याचा अधिकार देणे म्हणजे भाव ठरवायचेही त्याच्याकडे सोपवणे. मुद्रांकाचाही हिशेब आहे: जवळच्या नातेवाइकाला विनामोबदला दिलेल्या कुलमुखत्यारपत्राला महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांक लागतो, परक्याला विक्रीचा अधिकार दिला तर खरेदीखताइतका लागू शकतो. भाऊ, बहीण, आई-वडील यांपैकी कोणाच्या नावे करा. फ्लॅटचा पूर्ण तपशील, किमान किंमत आणि ‘मोबदला फक्त माझ्या अमुक खात्यात’ ही अट त्यात घाला. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकन करून कागद इकडे पाठवा. तो भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचा मुद्रांक भरून घ्यावा लागतो. ही तारीख हुकली की निबंधक कार्यालयात अडकते. खरेदीदाराने तुमच्या रकमेतून टीडीएस कापायचा तो निवासी विक्रेत्याच्या १ टक्क्याने नाही, अनिवासीच्या बऱ्याच जास्त दराने. एजंटला हे माहीत नसेल तर सौदा ऐन नोंदणीच्या दिवशी थांबतो, त्यामुळे सीए आधी गाठा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ घर शोधतोय. घर दाखवण्याआधीच एजंटने करारावर सही मागितली, त्यात अडीच टक्के लिहिलेत. पाच वर्षांपूर्वी भावाने घर घेतले तेव्हा असे काही नव्हते. फसवतायत का?

उत्तर: नाही, नियम बदलले. अमेरिकेत विकणाराच दोन्ही एजंटांचे कमिशन देई आणि खरेदीदाराला आकडा दिसतच नसे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅन्सस सिटीच्या ज्यूरीने या पद्धतीविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून एमएलएस (विक्रीच्या घरांची एजंटांची सामाईक यादी) वापरणाऱ्या एजंटला घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावाच लागतो. न्यू जर्सीचा स्वतःचा कायदाही त्याच महिन्यात लागू झाला.

करारात मोबदला नेमक्या आकड्यात हवा, ‘विकणारा देईल तेवढा’ असे चालत नाही, आणि लिहिल्यापेक्षा जास्त त्याला कोणाकडूनही घेता येत नाही. अडीच टक्के हा काही ठरलेला दर नव्हे, कमी करून मागा. मुदत आधी एका दिवसाची किंवा ३० दिवसांची ठेवा, भाग दोन-तीन गावांपुरता. तुमच्या एजंटचे पैसे विकणाऱ्याने द्यावेत, अशी मागणी ऑफरमध्ये करता येते. फक्त ती आता गृहीत धरता येत नाही. नुसत्या ओपन हाउसला (सगळ्यांसाठी खुले ठेवलेले घर पाहायला) जाऊन यायला हा करार लागत नाही.

डोंबिवलीचा ‘दोघांचा माणूस’ तिथेही असतो, पण त्याला ‘डिस्क्लोज्ड ड्युअल एजंट’ म्हणतात आणि दोन्ही पक्षांची लेखी संमती लागते. एकाची शेवटची किंमत दुसऱ्याला त्याने सांगायची नसते. करारात ही संमती आधीच छापलेली आहे का, ते पाहा. नको असेल तर तेवढे कलम काढायला सांगा. आणि रिअल्टरने तयार केलेल्या खरेदी करारावर सही झाली तरी तीन कामकाजी दिवसांत वकिलाकडून तो तपासून रद्द करता येतो. ही न्यू जर्सीची चांगली सोय आहे, वापरा.

प्रश्न: भाड्याचा करार ११ महिन्यांनी नव्याने केला की एजंट दर वेळी एक महिन्याचे भाडे मागतो. द्यावेच लागते का? (वाशी)

उत्तर: पहिल्या करारात किंवा वेगळ्या पत्रात तसे लिहून दिले नसेल तर नाही. नूतनीकरणात त्याने घर शोधलेले नाही, भाव जुळवलेला नाही. ऑनलाइन नोंदणीचे काम करून दिले तर त्या कामाचे पैसे द्या: महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात परतीच्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कमही मिळवतात, आणि वर त्याची मेहनत. करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे, एजंटवर नाही. त्यामुळे ‘मी नोंदवले नाही तर तुम्ही अडचणीत याल’ हे त्याचे वाक्य भाडेकरूने मालकाकडे पाठवून द्यावे.